नफ्याआधीचा हिशोब: महेश्वर, निमाड आणि इंदूर

इंदूरच्या मराठी घरात कार्य निघाले की एखादी तरी महेश्वरी घ्यावी लागतेच. शीतलामाता बाजारात मग घासाघीस रंगते, पण ती दुकानदाराशी. विणकराची मजुरी कधीच ठरून गेलेली असते. सूत व्यापाऱ्याचे, हात विणकराचे आणि मोबदला नगावर. साडी पुढे कितीलाही विकली गेली तरी त्याच्या हातात येते ती ठरलेली रक्कम. रास्त व्यापाराचा सगळा वाद इथूनच सुरू होतो.

महेश्वरला अहिल्याबाईंनी बाहेरून विणकर आणून वसवले. त्या काळी दरबार हाच मोठा गिऱ्हाईक होता, त्यामुळे मागणीची चिंता नव्हती. संस्थाने गेली, तो आधारही गेला. 1970च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातले रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी विणकरांसाठी रेवा सोसायटी ही संस्था उभी केली, तेव्हा गावातली विणाई मोडकळीला आलेली होती. सोसायटीने बायकांना मागावर बसवले आणि विणकरांच्या मुलांसाठी शाळा काढली. एक गंमत मात्र आहे. आजूबाजूच्या निमाडात कपाशीचे शिवार पसरलेले, आणि महेश्वरीचे बारीक सूत येते कोइमतूरहून!

त्या निमाडी कपाशीची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 या काळात इंदूरला होते. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर त्यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडे, कठीण, लवकर कुजत नाही. म्हणून ती शेतातल्या वाटेवर अंथरायची, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली चेचून घ्यायची आणि मग शेणा-पाल्यासोबत ढिगात घालायची. पुढे जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांनी हॉवर्डना गुरू मानले. 1990च्या दशकात निमाडातल्या कसरावदच्या आसपास एका स्विस कंपनीने शेतकऱ्यांकडून सेंद्रिय कापूस बाजारभावापेक्षा जास्त दराने घ्यायला सुरुवात केली, तीही खरेदीची हमी देऊन. भाव पडला की कर्ज अंगावर येणाऱ्या शेतकऱ्याला ही हमी जास्त मोलाची.

‘फेअरट्रेड’च्या, म्हणजे रास्त व्यापाराच्या, शिक्क्याची सुरुवात 1988 साली नेदरलँड्समध्ये झाली, मेक्सिकोतल्या छोट्या कॉफी उत्पादकांसाठी. कापसाला तो मिळायला 2005च्या आसपासचा काळ उजाडला. बाजार कोसळला तरी किमान भाव मिळणार आणि वर एक जादा रक्कम. ती विहिरीवर लावायची की शाळेवर, हे शेतकऱ्यांनीच मिळून ठरवायचे. माझ्या मते खरी मेख या दुसऱ्या भागात आहे, कारण तिथे देणाऱ्याची मर्जी चालत नाही.

आपल्याकडे ‘सामाजिक जबाबदारी’ म्हटले की 2013चा कंपनी कायदा आठवतो. मोठ्या कंपन्यांनी मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. चांगलेच आहे. पण तो नफा हातात पडल्यावरचा खर्च. त्याआधी मजुराला काय दिले, हे ही 2 टक्क्यांची तरतूद विचारत नाही.

इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलच्या कामगारांना हे सांगायला नको. मिल 1991च्या डिसेंबरात बंद पडली. सुमारे 4,800 कामगारांच्या थकबाकीपोटी 224 कोटी रुपये मंजूर होऊन धनादेश निघाला 2023च्या डिसेंबरात. तोवर कित्येकांच्या वतीने रांगेत वारसच उभे होते.