माठाची ओल आणि तांब्याची ओल : तळघर राहते करण्याआधी

उन्हाळ्यात ओट्यावर पाण्याने भरलेला माठ आणि फ्रिजमधून नुकताच काढलेला स्टीलचा तांब्या शेजारी शेजारी ठेवले, तर थोड्या वेळाने दोन्ही बाहेरून ओले दिसतात. माठावरचे पाणी माठातलेच असते; ते मातीच्या बारीक छिद्रांतून पाझरून बाहेर आलेले असते. तांब्यावरचे पाणी मात्र तांब्यातले नसते. ते खोलीतल्या हवेत वाफेच्या रूपाने होते आणि थंड पत्र्याला टेकताच त्याचे थेंब झाले. हात लावून हा फरक कळत नाही. अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांपुढे नेमका हाच प्रश्न तळघराच्या, म्हणजे बेसमेंटच्या भिंतीवर उभा राहतो आणि तिथे त्याचे उत्तर चुकले, तर काही हजार डॉलर पाण्यात जातात.

न्यू जर्सी, शिकागो किंवा मिशिगनकडच्या घरांना तळघर असते ते हौसेपोटी नव्हे. हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठून फुगते आणि उथळ पाया त्याने उचलला जाऊ शकतो, म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. शिकागोत ही खोली ४२ इंच धरतात. एवढे खणायचेच आहे, तर आणखी थोडे खणून पूर्ण मजला काढून घ्यावा, असा हिशेब त्यामागे आहे. त्यामुळे वरच्या मजल्याएवढीच ऐसपैस जागा खाली मिळते आणि वर्षा-दोन वर्षांत तिचे काय करायचे याची चर्चा घरात सुरू होते : आई-वडील सहा महिने राहायला येतात तेव्हा त्यांची खोली, मुलांना खेळायला जागा, घरून कामाचे टेबल, तबल्याचा रियाज, गणपतीत पंचवीस माणसे बसतील असा हॉल. नकाशे निघतात, रंग ठरतात आणि कोपऱ्यातला कुबट वास ‘थोडी ओल आहे, घालवून घेऊ’ एवढ्या वाक्यात निकालात निघतो. माझ्या मते चूक इथेच होते, कारण ‘ओल’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि एकीवरचा उपाय दुसरीवर निरुपयोगी ठरतो, कधी तर तिला वाढवतो.

पहिली गोष्ट पाझर. तळघराच्या भिंतीबाहेरची माती पाण्याने भिजली की ते पाणी भिंतीवर दाब देते आणि वाट मिळेल तिथून आत येते. दीड मीटर उंचीपर्यंत पाणी साठले, तर भिंतीच्या तळाशी हा दाब दर चौरस मीटरला सुमारे दीड टन होतो. मग काँक्रीटमधली भेग, ब्लॉकच्या बांधकामातले सांधे, पाइप भिंतीतून जातो तिथली फट आणि मुख्यतः भिंत व फरशी जिथे मिळतात तो सांधा, हे सगळे त्याचे रस्ते होतात. हे पाणी जमिनीच्या पोटातूनच आलेले असते असा समज आहे, पण पुष्कळदा ते आपल्याच छपरावरून आलेले असते. हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे २,३६० लिटर पाणी जमते. पन्हळ पानांनी तुंबलेली असेल किंवा तिचा खाली उतरणारा नळ पायाच्या कडेलाच संपत असेल, तर ते सगळे भिंतीच्या मुळाशी ओतले जाते. त्यात भर म्हणजे, बांधकामाच्या वेळी पायाभोवती परत भरलेली माती सैल असते, ती वर्षानुवर्षे खचत जाते आणि अंगणाचा उतार नकळत घराकडे वळतो.

दुसरी गोष्ट दव. जमिनीखालची भिंत आणि फरशी ऐन जुलैतही १८ अंश सेल्सियसच्या आसपास राहू शकते. बाहेर ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू २१ अंशांच्या जरा वर असतो, म्हणजे ती हवा त्याहून थंड अशा कोणत्याही पृष्ठभागाला टेकली की तिथे पाणी धरणारच. भिंत बाहेरून कितीही पक्की असली तरी या पाण्याला अडवत नाही, कारण ते भिंतीतून येत नाही, खिडकी-दारातून येते. इथे आपली सवयच आपल्याला फसवते. घर कुबट झाले की खिडक्या उघडाव्यात, वारा खेळू द्यावा, हे आपण लहानपणापासून करत आलो आहोत. भारतातून आलेली आई तळघरात पाऊल ठेवताच पहिल्यांदा खिडकी उघडते. आपल्याकडच्या घराच्या भिंती वाऱ्याने वाळतात, म्हणून तिथे ते बरोबरही असते. न्यू जर्सीच्या जुलैत मात्र उघडलेली खिडकी म्हणजे थंड भिंतीकडे पाठवलेली वाफ असते आणि जितका वारा खेळतो तितकी फरशी अधिक ओली होते. कोकणात पावसाळी दिवसांत फरशीला पाणी सुटते तो प्रकार याच जातीचा आहे, पण एरवी महाराष्ट्रातल्या घरातली ओल म्हटली की गळके छप्पर किंवा पाझरणारी भिंतच आठवते, त्यामुळे बहुधा मराठी माणूस तांब्याच्या ओलीलाही माठाचीच समजतो.

दोहोंतला फरक ओळखण्यासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे कॅलेंडर. मार्चमध्ये बर्फ वितळताना किंवा मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवसांत ओल दिसली आणि कोरड्या आठवड्यात ती ओसरली, तर पाझर समजावा. पाऊस नसतानाही उकाड्याच्या दमट दिवसांत ओल येत असेल आणि ऑक्टोबरात आपोआप नाहीशी होत असेल, तर ते दव. जागाही बोलते : पाझराला ठरावीक ठिकाण असते आणि तो दर वेळी त्याच भेगेपाशी, त्याच सांध्याशी दिसतो, तर दव थंड पाण्याच्या पाइपवर, फरशीच्या कोपऱ्यांत, भिंतीला टेकवलेल्या खोक्यांमागे आणि गालिच्याखाली, म्हणजे जिथे पृष्ठभाग थंड आहे तिथे सगळीकडे धरते. भिंतीवर पांढरी भुकटी दिसली, म्हणजे लोणा लागलेला असला, तर पाणी काँक्रीटमधून क्षार विरघळवत आले आणि वाळून ते मागे ठेवून गेले असे मानायला हरकत नाही. पुष्कळ लोक लोण्याला बुरशी समजून घाबरतात. पाणी शिंपडल्यावर विरघळत असेल तर तो बहुधा लोणा आहे, बुरशी तशी विरघळत नाही.

तरीही शंका राहिली, तर एक साधी चाचणी आहे. दीड-दोन फूट चौरस पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोरड्या पुसलेल्या भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी हवेतले आहे. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील किंवा आतले काँक्रीट काळपट ओले झाले असेल तर पाणी भिंतीतून येत आहे. तसाच एक तुकडा फरशीवरही लावावा, कारण जुन्या घरांत फरशीखाली प्लास्टिकचा थर नसतो आणि माती हळूहळू ओल वर चढवते. एक इशारा मात्र द्यायला हवा : कोरड्या सप्टेंबरात ही चाचणी करून ‘काही नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे मे महिन्यात छप्पर गळत नाही असे म्हणण्यासारखे आहे. एकदा बर्फ वितळताना आणि एकदा ऐन जुलैत ती करावी, म्हणजे कंत्राटदाराला बोलावण्याआधी वसंत आणि उन्हाळा हातून जाऊ द्यावा. घाई झालेल्यांना हे पटत नाही, पण मी तरी याहून कमी सांगणार नाही.

पाझर असेल तर काम बाहेरून सुरू करावे, कारण तेच स्वस्त असते. पन्हळ साफ करावी, तिचा नळ पायापासून सहा ते दहा फूट दूर न्यावा आणि भिंतीलगत माती भरून पहिल्या दहा फुटांत सहा इंचांचा उतार घराबाहेरच्या दिशेने द्यावा. पुष्कळ घरांत एवढ्याने भागते. न भागल्यास भेगा भरून घेणे आणि फरशीच्या कडेने आतून चर खणून पाणी खड्ड्यात, म्हणजे संपमध्ये, गोळा करून संप पंपाने बाहेर टाकणे, हा पुढचा टप्पा. वादळात वीज जाते आणि नेमक्या त्याच वेळी पंप लागतो, म्हणून त्याला बॅटरीची जोड हवी. भिंतीला आतून ‘वॉटरप्रूफ’ रंग फासण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण पाण्याचा दाब पलीकडून असल्यामुळे तो रंग पापुद्र्यांनी सुटत जातो.

दवावर या कशाचाच परिणाम होत नाही. तिथे उन्हाळ्यात खिडक्या बंद ठेवणे, कपडे वाळवण्याच्या यंत्राची हवा बाहेर सोडली जाते ना हे पाहणे आणि डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली वाफ काढून घेणारे यंत्र, लावून आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखणे, हे उपाय आहेत. यंत्राची नळी थेट मोरीत किंवा संपमध्ये सोडावी, नाहीतर बादली रिकामी करण्याचा कंटाळा येऊन यंत्र पहिल्याच महिन्यात बंद पडून राहते. उलट हेच यंत्र पाझरणाऱ्या तळघरात एकट्याने लावले, तर हवा कोरडी वाटते, सगळ्यांचे समाधान होते आणि नव्या भिंतीमागे पाणी येतच राहते.

खरी परीक्षा भिंत झाकताना होते. काँक्रीटला लागून लाकडी चौकट, तिच्यात काचतंतूंचे गादीसारखे थर आणि वर प्लास्टिक, मग ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे तक्ते, ही रीत अनेक घरांत आढळते आणि ती दोन्ही प्रकारच्या ओलींना आवडते. तंतूंमधून हवा जाते, मागच्या थंड काँक्रीटवर तिचे दव धरते, पाझरही तिथेच उतरतो आणि प्लास्टिकमुळे काहीच वाळत नाही. त्याऐवजी फोमचे कडक बोर्ड काँक्रीटला थेट चिकटवून त्यांचे सांधे बंद करावेत, म्हणजे खोलीतली हवा थंड पृष्ठभागाला टेकतच नाही. चौकट त्याच्या अलीकडे उभी करावी, तिची तळपट्टी प्रक्रिया केलेल्या लाकडाची असावी आणि ड्रायवॉल फरशीपासून अर्धा इंच वर ठेवावे. फरशीवर टाइल किंवा व्हायनिल चालते. अस्सल लाकूड आणि भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा माझ्या मते तळघरात नकोच.

दोन्ही ओली एकत्र असणे हेही दुर्मिळ नाही. तेव्हा आधी पाझर थांबवावा, कारण आत येणारे पाणी हवाही दमट करते आणि तो थांबल्यावर दव किती उरते हे कळते.

खोली कोणाला द्यायची हेही यावर अवलंबून आहे. आई-वडिलांची झोपायची खोली खाली करायची असेल, तर आगीच्या वेळी बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते. अमेरिकेतल्या प्रचलित बांधकाम नियमांनुसार तिची मोकळी जागा साधारणतः किमान ५.७ चौरस फूट असावी आणि उंबरा फरशीपासून ४४ इंचांहून जास्त उंच नसावा. अशा खिडकीसाठी भिंत कापून बाहेर खड्डा काढावा लागतो आणि त्या खड्ड्याचा निचरा नीट नसेल, तर कोरड्या भिंतीत आपणच पाझराला नवे दार करून देतो. जमिनीतून येणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायूही याच भेगांतून शिरतो, म्हणून ड्रायवॉल लावण्याआधी त्याची चाचणी करावी. लिटरमागे ४ पिकोक्युरी (किरणोत्सार मोजण्याचे एकक) किंवा अधिक आढळल्यास तो बाहेर काढण्याची व्यवस्था करा, असे तिथली पर्यावरण संस्था सांगते. रियाजाची खोली मात्र दव आटोक्यात आल्याशिवाय खाली नेऊ नये, कारण दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते आणि सूर उतरतो, मग भिंत कितीही कोरडी असो.