गाडीच्या दारातला खर्ज

जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण घरी हेडफोन लावून ऐकताना मला सुरुवातीची दोन मिनिटं फार आवडतात. गवई अजून मांडी ठीक करतोय, कुणीतरी खोकतंय, आणि मागे दोन तानपुरे भरून वाजताहेत. चार तारा क्रमानं: पंचम, जोड, जोड आणि सगळ्यात खालच्या स्वराची खर्ज. खर्जाची तार सुटली की खोलीला बूड आल्यासारखं वाटतं. तीच मैफल पुणे-सातारा रस्त्यावर गाडीत लावली की हे बूड जातं. जवारीची, म्हणजे तारा घोडीवर घासून उठणारी झणझण ऐकू येते, जोडाच्या तारा ऐकू येतात, पण चौथ्या तारेच्या जागी पोकळ काहीतरी वाजतं. कित्येक वर्षं मी याचा दोष रस्त्याला आणि टायरांना देत आलो. शेवटी गाडीतली कंपनीची म्युझिक सिस्टीम बदलायला घेतली, तेव्हा खर्ज कुठे जातो ते दार उघडून पाहायला मिळालं.

आधी थोडे आकडे. पुरुष गायकाचा षड्ज, म्हणजे सा, काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) धरला, तर तो साधारण १३९ हर्ट्झचा. खर्जाची तार त्याच्या एक सप्तक खाली, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. पण तार नुसत्या ६९ ला कंप पावत नाही. तिच्यात १३९, २०८, २७७ अशा पटींमधले स्वरही असतात आणि तानपुऱ्यात जवारीमुळे ते विशेष उजळून निघतात. छोट्या स्पीकरमधून ६९ चा मूळ स्वर आलाच नाही तरी वरच्या पटींवरून मेंदू तो ताडतो. म्हणून फोनच्या स्पीकरवरही खर्जाचा सूर बरोबर कळतो. सूर कळतो, पण त्याचं वजन कळत नाही. गाडीत माझं नेमकं हेच होत होतं.

माझी पहिली चूक सर्वसामान्य चूक आहे, म्हणून सविस्तर सांगतो. मी सर्वांत आधी स्टिरिओ बदलला. दुकानात खोक्यावर ठळक छापलं होतं, ‘५० वॅट × ४’. जुन्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून नवा कितीतरी दणकट असणार असं वाटलं. बसवला. पडदा मोठा झाला, ब्लूटूथ झटपट जोडला जाऊ लागला आणि आवाज होता तसाच राहिला.

ते ५० वॅट येतात कुठून, हे शाळेतल्या सूत्रानं काढता येतं. इंजिन चालू असताना गाडीच्या वायरींमध्ये साधारण १४.४ व्होल्ट असतात. स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम म्हणजे १४.४ गुणिले १४.४ भागिले ४. उत्तर येतं ५१.८. झाले ५० वॅट! पण यात गृहीत धरलंय की स्पीकरला सतत पूर्ण दाब मिळतोय, कधी या दिशेनं, कधी त्या दिशेनं, मध्ये काहीच नाही. असा चौकोनी आवाज म्हणजे नुसता कर्कश घरघराट, ते संगीत नव्हे. स्वच्छ गोलाईच्या स्वराला त्याच दाबात निम्मी शक्ती मिळते, २६ वॅट. त्यातून चिपमधली घट वजा केली की हाती साधारण १८ ते २० वॅट उरतात. जुन्या स्टिरिओतही जवळपास तशीच चिप असते. बॅटरी तीच, स्पीकर तोच, तर आकडा बदलणार कसा? खरेदी करताना ‘आरएमएस’ (सतत मिळणारी खरी शक्ती) या अक्षरांपुढचा आकडा विचारावा. तो खोक्यावर नसला तर माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात सापडतो.

नंतर एका रविवारी दार उघडलं. हँडलच्या खाचेतला एक स्क्रू, झाकणामागचा दुसरा, मग कडेकडेनं क्लिपा टक् टक् सोडवत डोअरपॅड निघाला. आत पारदर्शक प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट गमनं चिकटवलेला. तो सोलला तर पत्र्यात हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी मोठी दोन भोकं. काचेची यंत्रणा बसवायला ती लागतात. खालच्या कडेला पावसाचं पाणी जायला बारीक फटी. आणि कोपऱ्यात तो स्पीकर: साडेसहा इंची, प्लास्टिकचा सांगाडा, कागदी शंकू, मागे आमटीच्या वाटीच्या बुडाएवढं चुंबक. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर पाव किलोच्या जरा वर भरला.

या स्पीकरला लोक सरसकट भंगार म्हणतात. मला ते पटत नाही. तो हलका हवा, स्वस्त हवा, दारातल्या ओलीत आणि मे महिन्याच्या उन्हात दहा वर्षं टिकायला हवा, या सगळ्या अटी पाळून कुणीतरी तो बनवलेला असतो. त्याच्या उणिवा झाकायला स्टिरिओत काही स्वर मुद्दाम वरखाली केलेले असतात. बऱ्याच गाड्यांत आवाज वाढवला की खालचे स्वर आपोआप कमी होतात, शंकू फाटू नये म्हणून. त्यामुळे नुसते महागडे स्पीकर टाकले आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर कधीकधी आधीपेक्षा विचित्र ऐकू येतं. नव्या स्पीकरला जुन्याचं औषध दिल्यासारखं होतं ते.

खर्ज मात्र स्पीकरपेक्षा त्या दोन भोकांतून जास्त जात होता. चुंबकातल्या गुंडाळीनं शंकू हलवायचा, ही स्पीकरची आजची रचना अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये नीट मांडली, आणि मुळात ती तशीच चालत आली आहे. शंकू पुढे गेला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे स्पीकर एकाच वेळी दोन आवाज काढतो, एकमेकांच्या अगदी उलट. ६९ हर्ट्झच्या लाटेची लांबी ५ मीटर. मागची उलटी लाट भोकातून वळसा घालून फूट-दीड फुटात पुढे येते. ५ मीटरच्या लाटेला एवढं अंतर म्हणजे काहीच नाही, त्यामुळे ती पुढे येते तेव्हाही जवळजवळ पूर्ण उलटीच असते. दोघी एकमेकींना पुसून टाकतात. १००० हर्ट्झची लाट जेमतेम ३४ सेंटिमीटरची, तिथे असा नेमका निकाल लागत नाही, म्हणून गायकाचा आवाज टिकतो आणि खर्ज जातो.

हे घरी करून पाहण्यासारखं आहे. सुटा स्पीकर हातात धरून वाजवला तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ येतो. एका मोठ्या पुठ्ठ्याला त्याच मापाचं भोक पाडून स्पीकर त्यावर घट्ट धरला, की डग्गा एकदम अंगावर येतो. वीज तेवढीच, स्पीकर तोच. पुठ्ठ्यानं फक्त मागचा आवाज मागेच ठेवला. गाडीत हा पुठ्ठा म्हणजे दार. घरचा स्पीकर त्याच्या खोक्यासकट विकत मिळतो. गाडीत खोकं आधीच ठरलेलं असतं, आणि ते असतं पातळ पत्र्याचं, भोकांचं, काच आत-बाहेर जाणारं.

म्हणून माझे सर्वांत जास्त तास दारात गेले, आणि सर्वांत जास्त फरकही तिथेच पडला. बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट चिकटवली. ही ब्युटाइल रबराची, वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. पत्रा थरथरला की रबर पत्रा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मध्ये मुरडलं जातं आणि त्या मुरडण्यात कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरते. सगळा पत्रा मढवायची गरज नसते, मोठ्या मोकळ्या भागांच्या मध्यावर तुकडे रोलरनं घासून बसवले तरी पुरतं. बोटानं पत्रा वाजवून पाहायचा: आधी ‘टण्ण’ येतं, शीट नीट बसली की ‘ठक्’. आतली दोन भोकं कापलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यांनी झाकून, वर शीट लावून बंद केली. खालच्या पाण्याच्या फटी मोकळ्या ठेवणं फार महत्त्वाचं, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात दाराची टाकी होते. स्पीकरखाली जे गोल कडं बसवतात तेही एमडीएफचं (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचं) नको, ओल लागून फुगतं. प्लास्टिकचं घ्यावं.

डॅम्पिंग केलं की रस्त्याचा आवाज बंद होतो, असं सांगून ते विकलं जातं. टायरांचा आवाज मुख्यतः तळातून आणि चाकांवरच्या कमानींतून येतो, दारं मढवून तो फारसा कमी होत नाही. दार खडखडायचं थांबतं, ते मात्र खरं.

नव्या स्पीकरमध्ये बूफर (खालच्या स्वरांचा) आणि ट्वीटर (वरच्या स्वरांचा) वेगवेगळे घेतले. याचं कारणही लाटेच्या लांबीतच आहे. आवाजाची लाट शंकूच्या व्यासापेक्षा लांब असेल तोवर ती सगळीकडे पसरते, आखूड झाली की टॉर्चच्या झोतासारखी सरळ जाते. साडेसहा इंची शंकूसाठी ही सीमा साधारण २००० हर्ट्झला येते, कारण तिथे लाट १७ सेंटिमीटरची होते. ‘स’ आणि ‘श’ या व्यंजनांचा बराचसा जोर त्याच्या वर असतो. आणि दारातला स्पीकर रोखलेला असतो आपल्या पोटरीवर! शब्द पोटरी ऐकते, कान नाही. इंचभराचा ट्वीटर डॅशबोर्डच्या कोपऱ्यात कानाच्या दिशेनं वळवला आणि बंदिशीचे शब्द कळू लागले. पुढच्या काचेशेजारच्या खांबात अनेक गाड्यांमध्ये पडदा-एअरबॅग असते. त्या खांबाचं कव्हर कापून ट्वीटर बसवू देऊ नये, फिटर कितीही सफाईदार असला तरी.

यानंतर कुठे वेगळा अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकरला शक्ती देणारा अ‍ॅम्प्लिफायर, घेण्यात अर्थ होता. तो १४ व्होल्टच्या भिंतीत अडकत नाही. आतला छोटा ट्रान्सफॉर्मर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून तो बॅटरीचा दाब आधी वाढवतो, मग स्पीकरला देतो. माझा प्रत्येक स्पीकरला ६० वॅट आरएमएस देतो. १८ वरून ६० म्हणजे तिप्पट झाली तरी कानाला दुप्पट वाटत नाही, त्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. फायदा असा की तान वर गेली, तबल्याची थाप पडली, तरी आवाज चिरकत नाही. बॅटरीपासून येणाऱ्या वायरवर ब्लेडनं ओरखडा काढून पाहा. आत चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम आहे, आणि अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहतं. फ्यूज बॅटरीजवळच हवा. तो अ‍ॅम्पसाठी नसतो, वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर गाडी पेटू नये म्हणून असतो.

पहिल्या दिवशी एक शिट्टी ऐकू आली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती वर चढायची. अल्टरनेटरच्या विजेतली लहर होती ती. अ‍ॅम्पची अर्थिंगची वायर रंगवलेल्या बोल्टवर आवळली होती, त्यामुळे अ‍ॅम्प आणि स्टिरिओ यांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक पडून तो प्रवाह सिग्नलच्या केबलमधून वाहत होता. फिटरनं रंग खरवडून लखलखता पत्रा काढला, वायर फूटभरावर आणली, शिट्टी गेली.

आता गवई कुठे बसतो हा प्रश्न. टेपनं मोजलं: माझ्या डोक्यापासून उजवं दार ८५ सेंटिमीटर, डावं १३७. फरक ५२ सेंटिमीटर, म्हणजे आवाजाला दीड मिलिसेकंद. एवढ्या फरकानं मेंदू आधी आलेल्या आवाजाचीच दिशा खरी मानतो. हेल्मुट हास यांनी जर्मनीत १९४९ च्या प्रबंधात याचा अभ्यास केला. म्हणून अख्खी मैफल माझ्या उजव्या गुडघ्यापाशी बसायची. अ‍ॅम्पमधल्या डीएसपीत, म्हणजे आवाजावर आकडेमोड करणाऱ्या चिपमध्ये, उजव्या बाजूला दीड मिलिसेकंद थांबायला सांगितलं आणि गवई सरकत सरकत स्टिअरिंगच्या वर, काचेपाशी येऊन बसला. तेवढ्या एका आकड्यानं एवढा बदल होताना ऐकून मी गाडीत बराच वेळ तसाच बसून राहिलो.

डिक्कीत मोठा बूफर मी घेतला नाही. गाडीची आतली लांबी साधारण अडीच मीटर, म्हणजे खर्जाच्या लाटेच्या नेमकी निम्मी. त्याच्या खालच्या स्वरांना गाडीत लाट म्हणून मावायला जागाच नसते, सगळी हवा सायकलच्या पंपासारखी एकदम दाबली जाते आणि ते स्वर आपसूक उचलले जातात. ही मदत ६९ हर्ट्झपाशी जेमतेम सुरू होते, पण दार नीट बंद असेल तर तेवढ्यासाठी दारातला स्पीकर पुरतो. ज्यांना ४० हर्ट्झचा ढोल छातीवर हवा असेल त्यांना बूफर लागेल.

पहिल्यांदा पार्किंगमध्ये इंजिन बंद करून तेच ध्वनिमुद्रण लावलं. खोकला आला, पंचम आला, जोड आला, जोड आला, आणि खर्ज सीटच्या पाठीतून वर चढला. डोअरपॅडवर हात ठेवून पाहिला, तो शांत होता.

आईनं लहानपणी गाणं शिकलेलं आहे. ती शेजारच्या सीटवर बसली, तानपुरा ऐकून मान डोलावली, आणि गवयानं आलाप सुरू केल्यावर म्हणाली, “अरे, हा माझ्या दारात का बसलाय?” बरोबर होतं तिचं. उजव्या बाजूला मी थांबवून ठेवलेला आवाज तिच्यासाठी आणखीच उशिरा येत होता. डीएसपीत आकडे साठवायची दुसरी जागा रिकामी होती. तिथे सगळे आकडे डावीकडच्या सीटच्या हिशेबानं भरले आणि त्या जागेला ‘आई’ नाव दिलं.