बोनस्कॅनला ९ म्हणजे ९लाच या, का ते वाचा

बोनस्कॅन म्हणजे इंजेक्शन देऊन काढलेला हाडांचा फोटो. आमच्या सेंटरला रोज दोन-तीन फोन ठरलेले, "स्कॅन दुपारी १२ला आहे ना, मग सकाळी ९ला येऊन काय करू?" म्हणून एकदाचं लिहूनच ठेवलं.

९ला इंजेक्शन, १२ला स्कॅन. औषध हाडात बसायला मधले तीन तास लागतात आणि जे बसत नाही ते लघवीवाटे जातं, त्यामुळे पाणी भरपूर प्या आणि टेबलवर झोपायच्या आधी लघवीला जाऊन या, नाहीतर भरलेलं मूत्राशयच एवढं उठून दिसतं की कमरेखालची हाडं त्यात झाकली जातात. उपाशी राहायची गरज नाही, पण नाश्त्यापायी उशीर नको.

उशीर का नको, तर इंजेक्शनात टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असतं, म्हणजे त्यातून किरण निघतात आणि ते आपोआप कमी होत जातं. माणसाने बनवलेलं हे पहिलं मूलद्रव्य, १९३७ला इटलीत पालेर्मोला सापडलं, नावाचा अर्थच मुळी कृत्रिम. आपण वापरतो ते टेक्नेशियम-९९एम ६ तासांत निम्मं होतं, आणून कपाटात ठेवलं असं चालतच नाही. दर सोमवारी आमच्याकडे शिशाच्या आवरणातला जनरेटर येतो, आत मॉलिब्डेनम, त्याचं हळूहळू टेक्नेशियम होत राहतं, ते रोज सकाळी ताजं काढायचं. आमच्या धंद्यात त्याला गाय म्हणतात, आणि या कामाला दूध काढणं. एक काका म्हणाले, मग मी आल्यावर परत काढा की! काका, ही गाय लगेच पान्हवत नाही, पुन्हा पूर्ण भरायला जवळपास एक दिवस जातो.

९साठी मोजलेला डोस १२ला टोचला तर साधारण ३० टक्के उडालेला असतो. मग किरण कमी पडतात आणि २० मिनिटांचा स्कॅन अर्ध्या तासावर जातो, ज्याची कंबर दुखतेय तो तेवढा वेळ हलल्याशिवाय राहत नाही, आणि फोटो हलतो. शिवाय तुमच्या नंतरच्या पेशंटला इंजेक्शन दिलेलं असतं, त्याचंही घड्याळ चालूच असतं. म्हणून उशीर झाला तर आम्ही दुसरा दिवस देतो आणि डोसचे पैसे परत करत नाही. राग येतो लोकांना, पण तो डोस दुसऱ्या कोणाला विकता येत नाही की ठेवताही येत नाही हो.

मशीनला घाबरू नका, गामा कॅमेऱ्यातून किरण निघत नाहीत, तो फक्त तुमच्या अंगातल्या औषधाचे किरण टिपतो. त्या दिवशी लहान बाळाला मांडीवर घेऊ नका, गरोदर बाईपासून जरा लांब बसा. स्वतः गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर फोनवरच सांगा, टेबलवर आल्यावर नाही.

लांबून एसटीने येणाऱ्यांसाठी ११चा इंजेक्शन स्लॉट राखून ठेवतो, बुकिंग करतानाच मागा. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲप येईल, त्यात इंजेक्शनची आणि स्कॅनची अशा दोन वेळा असतील, तुम्ही वरची, म्हणजे इंजेक्शनची बघून निघा.