कंपनी बदलली म्हणजे जंताचं औषध बदललं का?

साक्री-शिरपूरकडे शेळ्या पाळणाऱ्यांत एक समज घट्ट बसलाय: दर तीन महिन्यांनी अख्ख्या कळपाला जंताचं औषध पाजायचं आणि दर खेपेला कंपनी बदलायची, म्हणजे जंतांना सवय लागत नाही.

बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. अल्बेंडाझोल सोडून फेनबेंडाझोल आणलं, तरी दोन्ही एकाच गटातली. एकाला न जुमानणारा जंत सहसा दुसऱ्यालाही दाद देत नाही. याच गटातलं थायाबेंडाझोल १९६१ मध्ये आलं. १९६४ मध्येच मेंढ्यांतले जंत त्याला पुरून उरल्याची नोंद आहे. तीन वर्षं, बस्स!

सरसकट पाजलं की वाचतात ते चिवट जंतच, आणि चराईवर अंडीही त्यांचीच पडतात. धडधाकट शेळ्या वगळल्या तर साधे जंतही टिकतात, चिवटांचं प्रमाण सावकाश वाढतं.

मग पाजायचं कुणाला? रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस जंतासाठी दक्षिण आफ्रिकेत ‘फामाचा’ तक्ता तयार झाला. खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग तक्त्याशी ताडायचा. लालबुंद असेल तर सोडा, पांढुरकी दिसली तर पाजा. पावसाळ्यात हे वरचेवर बघावं लागतं.

डोस नजरेच्या अंदाजाने नको. शेळीच्या अंगातून बरीच औषधं मेंढीपेक्षा लवकर निघून जातात, म्हणून मेंढीचं माप तिला अनेकदा अपुरं पडतं. पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. तरी शंका राहिली तर औषधाआधी आणि नंतर साधारण १४ दिवसांनी लेंड्या तपासा. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली, तर ते औषध तुमच्या कळपात पुरतं लागू पडत नाही.