साळिंदर

साळिंदर, कुणी साळू म्हणतं कुणी सायाळ. उंदीर-खारीच्या गटातलाच कुरतडणारा प्राणी, पण वजन 11 ते 18 किलो भरतं. बालाघाटच्या डोंगरात, गौताळ्यात, किनवटकडच्या सागाच्या जंगलात खडकाळ जागा बघून बीळ करतं आणि अंधार पडल्यावरच बाहेर निघतं, त्यामुळं आयुष्य रानात गेलेल्या गुराख्यालाही ते सहसा दिसत नाही, दिसतात ते गळून पडलेले काळे-पांढरे काटे.

काटे फेकून मारतं हे साफ खोटं आहे. काटा म्हणजे जाड झालेला केसच, नखं ज्याची बनतात त्याच केराटिनचा. चिडलं की आधी शेपटीवरचे पोकळ काटे खुळखुळ वाजवतं, पाय आपटतं, तरी समोरचा हटला नाही तर पाठ फिरवून उलटं त्याच्या अंगावर जातं. बिबट्याच्या पंजात नाहीतर तोंडात काटा मोडला की जखम चिघळते आणि मग त्याला शिकार करणंच अवघड होऊन बसतं.

पण खरं महत्त्वाचं काम त्याच्या उकरण्याचं आहे आणि त्याकडं कुणाचं लक्षच नसतं. कंद-मुळं खायला ते जमीन उकरतं, खड्डा तसाच सोडून पुढं जातं. मग वाऱ्यानं उडालेला पालापाचोळा, बिया तिथं अडकतात, पाऊस पडला की पाणी साचतं आणि ओल आजूबाजूपेक्षा जास्त दिवस टिकते. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात याच जातीच्या साळिंदराच्या खड्ड्यांचा अभ्यास झालाय, तिथं आसपासच्या जमिनीपेक्षा खड्ड्यात जास्त रोपं उगवलेली आढळली. आपल्याकडं मुरमाड माळावरनं पहिल्या पावसाचं पाणी सरळ वाहून जातं, तिथं असा एकेक खड्डा किती मोलाचा असंल बघा. बिळंही वाया जात नाहीत, राजस्थानात भरतपूरच्या अभयारण्यात तर साळिंदराच्या बिळात अजगर राहतात.

बिळाच्या तोंडाशी बऱ्याचदा हाडं आणि गळालेली शिंगं पडलेली असतात. त्यावर शेजारी शेजारी सपाट खाचा दिसल्या तर ते साळिंदराच्या दातांचं काम, कॅल्शियम-फॉस्फरससाठी कुरतडतं, आणि सतत वाढणारे दातही त्यानं झिजतात.

भुईमूग, मका, रताळी यांचं नुकसान करतं हे खरंच आहे, आणि रात्रीत उकरलेलं रान बघून शेतकऱ्याचा जीव जळतो त्यात चूक काही नाही. पण फासे लावणं, बिळात धूर करून मारणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. काट्यासाठी तर मारायची गरजच नाही, सीमंतोन्नयनात, म्हणजे गरोदर बाईसाठी करतात त्या संस्कारात, तिचा भांग पाडायला जो काटा लागतो तसले काटे आपोआप गळतात.