पूर गोड्या पाण्याचा, नुकसान खाऱ्या पाण्याचं

26 जुलै 2005 चा पूर असो की जुलै 2019 मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेसला पाण्यात अडकवणारा, उल्हास नदी फुगली की बातम्या बदलापूर-कल्याणच्या असतात. तेच पाणी पुढे भिवंडी तालुक्यातल्या अंजूर, अलिमघर, खारबाव अशा खाडीकाठच्या गावांकडे उतरतं. तिथे वरून पूर आणि खालून भरती अशी गाठ पडली की भातखाचरं राखणारा मातीचा बांध फुटतो, म्हणजे खांड पडते. दोन दिवसांत पाणी ओसरतं आणि पूर संपला असं सगळे धरून चालतात.

गंमत अशी, की पुराच्या पाण्याने खाडीकाठच्या या खारजमिनीचं तसं फारसं बिघडत नाही. ते गोडं असतं, उलट मातीतलं थोडं मीठ धुऊनच नेतं. खरी आपत्ती येते पाऊस थांबल्यावर. नद्यांचं पाणी आटत जातं तशी खाडी खारट होत जाते आणि दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे पाणी उघड्या खांडीतून खाचरात शिरतं.

ही खाचरं उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असतात. ती शेतीयोग्य राहतात ती बांध आणि बांधातली उघाडी, म्हणजे झडप बसवलेलं पाण्याचं दार, यांच्यामुळे. उघाडीचं झडप फक्त बाहेरच्या बाजूला उघडतं. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर पडतं आणि भरती चढली की खाडीचं पाणीच ते दाबून बंद करतं. नवी मुंबई वसवताना सिडकोने वाशी-बेलापूरकडे पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणारे जे धारण तलाव बांधले, त्यांच्या झडपांमागे तत्त्व हेच. त्याला डच पद्धत म्हणतात. आगरी शेतकऱ्याला ती शिकायला हॉलंडला जावं लागलं नव्हतं.

खांड लवकर बुजवायची ती भौतिकशास्त्रामुळे. फुटक्या बांधातून दिवसातून दोनदा पाणी आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. बाहेर जाताना ते तळ खरवडतं. खांड रुंदावली की पुढच्या भरतीला जास्त पाणी आत येतं आणि ओहोटीला तेवढीच जास्त ओढ लागते. म्हणून जुनी माणसं सप्तमी-अष्टमीच्या भांगाची वाट बघत. त्या दिवसांत भरती कमी चढते, तेवढ्यात घरटी माणूस काढून चिखल-पेंढ्याने खांड बुजवायची. अलिबागच्या खारेपाटात या सामूहिक व्यवस्थेला जोळ म्हणत. पुढे सरकारने खारभूमीच्या बऱ्याच बांधांची जबाबदारी घेतली. त्यासाठी 1979 चा खारभूमी विकास कायदाही आहे. पण फाईलला भांग-उधाण कळत नाही.

खाचरात किती मीठ येतं? एक गुंठा म्हणजे सुमारे 100 चौरस मीटर. त्यावर 10 सेंटीमीटर पाणी उभं राहिलं तर ते झालं 10,000 लिटर. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे गुंठ्यावर साडेतीनशे किलो. बरंचसं ओहोटीबरोबर परत जातं हे खरं, पण जे पाणी खाचरात अडकून वाळतं त्याचं मीठ तिथेच राहतं, आणि उधाणं काही एकदाच येत नाहीत.

मातीतला खारटपणा तिच्या अर्कातून वीज किती सहज वाहते यावरून मोजतात. एकक आहे डेसीसायमन्स प्रति मीटर. 4 च्या वरची जमीन क्षारयुक्त समजतात. सर्वसाधारण भाताला 3 च्या पुढेच त्रास सुरू होतो, आणि 7 च्या आसपास उत्पन्न निम्म्यावर येतं. चिखलात उभं असूनही रोप तहानलेलं राहतं, कारण बाहेरचं पाणी इतकं खारट झालेलं असतं की मुळांना ते ओढून घेता येत नाही. भाताचे सगळ्यात नाजूक दिवस दोन: रोप लहान असतानाचे आणि फुलोऱ्याचे. फुलोऱ्यात मीठ भोवलं तर लोंब्या दिसतात, पण दाणा पोचट.

उपाय कोकणाला आकाशातूनच मिळतो. ढोबळ नियम असा, की फूटभर मातीतून फूटभर गोडं पाणी झिरपून गेलं तर साधारण 80 टक्के मीठ निघून जातं. ठाण्याचा पाऊस याच्या कित्येक पट आहे. अडचण ‘झिरपून गेलं तर’ या अटीत आहे. खारजमिनीची माती चिकण, खाली खारं भूजल जेमतेम हात-दोन हातांवर. पाणी खाली जाणार कुठे? म्हणून पाऊस खाचरात कोंडायचा, चिखलणी करायची आणि ओहोटीला उघाडीतून ते गढूळ पाणी सोडायचं, असं पुन्हा पुन्हा. फेब्रुवारीनंतर उन्हाने हेच मीठ केशाकर्षणाने वर चढतं. तेव्हा पेंढ्याचं आच्छादन टाकलं तर बाष्पीभवन कमी होतं. जिप्समचा सल्ला सरसकट दिला जातो, तो मला पटत नाही. मातीच्या कणांवर सोडियम चिकटून बसला असेल तरच जिप्सममधलं कॅल्शियम त्याला हुसकावतं, आणि ते माती तपासल्याशिवाय कळत नाही. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-1, 2 आणि 3 या क्षार सोसणाऱ्या भातजाती मात्र पहिल्या हंगामापासून लावता येतात.

मिठाचं हे नुकसान सरकारी मदतीच्या निकषांत बसत नाही. पंचनामा होतो उभ्या पिकाचा. 33 टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर भरपाई. जमिनीवर 3 इंचांहून जाड गाळ साचला तर तो काढायलाही पैसे आहेत. मीठ इंचांत मोजता येत नाही. ऑगस्टमध्ये पीक वाचलं म्हणून ज्याचा पंचनामाच झाला नाही, त्याचं खाचर पुढच्या जूनला रोप धरत नाही. बांध फुटलेल्या गावात एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मे महिन्यात खारटपणाचं माप घेतलं, तर कोणाला पुढच्या हंगामाला कोणतं बी लागेल ते मेमध्येच कळेल. त्याचं यंत्र खिशात मावतं.

उशीर झाला तर एक दार कायमचं बंद होतं. खांडीतून मिठाबरोबर तिवराची रुजायला तयार फळंही तरंगत येतात. काही वर्षांत खाचरात खारफुटी उभी राहते. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर ती तोडणं जवळजवळ अशक्य आहे. खारफुटीला संरक्षण हवंच. बांधाच्या बाहेर ती लाटांचा मार खाते आणि बांध टिकवते. पण आत ती उगवली की सातबारावर भात आणि जागेवर तिवर, अशी शेतकऱ्याची अवस्था होते, आणि बांध दुरुस्त करायलाही परवानगीच्या रांगेत उभं राहावं लागतं.