कीडनाशकांचा चुकीचा वापर

कीडनाशक चुकीच्या मात्रेत, चुकीच्या वेळी किंवा बिघडलेल्या पंपाने फवारले तर कीड आटोक्यात येत नाहीच, शिवाय पीक, मित्रकीटक, पाणी आणि फवारणी करणारा यांना इजा पोहोचते. पुष्कळदा औषध बरोबर असते, हिशोब चुकलेला असतो.

मात्रा क्षेत्रावर ठरते, पाण्यावर नाही. समजा, लेबलवर हेक्टरी ५०० लिटर पाण्यात ५०० मिलि औषध सांगितले आहे. १५ लिटरच्या पंपात १५ मिलि टाकले, पण भरभर चालल्याने हेक्टरी १५० लिटरच द्रावण पडले, तर औषधही १५० मिलिच जाते. शिफारशीच्या जेमतेम ३० टक्के. द्रावणाचे प्रमाण बरोबर असल्याने चूक ध्यानात येत नाही. म्हणून आधी साध्या पाण्याने १०० चौ. मी. जागा फवारून किती पाणी लागले ते मोजावे व त्याला १०० ने गुणावे. हेच हेक्टरी पाणी. नोझल, म्हणजे पंपाचे फवारा सोडणारे तोंड, झिजले की उलट होते व औषध जास्त पडते. नव्या नोझलपेक्षा प्रवाह १० टक्क्यांहून अधिक झाला की ते बदलावे.

अपुऱ्या मात्रेतून थोड्याफार प्रतिकारक किडी वाचतात आणि त्यांचीच वीण वाढते. एकाच गटाचे, म्हणजे किडीवर एकाच प्रकारे काम करणारे, औषध पुन्हापुन्हा मारल्यानेही तेच घडते. फळझाडांवरील सॅन होजे खवले किडीवर चुना-गंधकाचे द्रावण चालेनासे झाल्याची नोंद अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ मेलँडर यांनी १९१४ सालीच केली होती. जादा मात्रेने पाने करपतात व मालात अवशेष राहतात. मात्रा योग्य असूनही फवारणी व काढणी यांतील प्रतीक्षा कालावधी न पाळल्यास अवशेष उरतातच. भातावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाचे कीटकनाशक मारल्यास तपकिरी तुडतुडे खाणारे कोळी व शिकारी (मिरिड) ढेकूण मरतात आणि तुडतुडे पूर्वीपेक्षा जास्त उसळतात.

जोराच्या वाऱ्यात फवारू नये हे सर्वांना ठाऊक असते, पण वारा पूर्ण पडलेली पहाटही वाईटच. जमिनीलगतची थंड हवा वर सरकत नसल्याने बारीक थेंब तरंगत दूरवर जातात. तणनाशकाचा पंप नीट न धुता वापरणे हा आणखी एक प्रकार : २,४-डी या तणनाशकाचा अंश कापूस, टोमॅटो, द्राक्ष यांची पाने वेडीवाकडी करतो. फुलोऱ्यात दिवसा केलेली फवारणी मधमाश्यांना मारते.

माणसाला सर्वाधिक धोका मूळ औषध मोजताना असतो, कारण ते पातळ केलेले नसते. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकणे तर विष चाखण्यासारखेच. ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट या गटांची कीटकनाशके ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे मज्जातंतूंच्या कामाला लागणारे विकर (एन्झाइम) रोखतात. लाळ, घाम, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची थरथर ही लक्षणे. अशा वेळी कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, स्वतःहून उलटी करवू नये आणि रुग्णाबरोबर औषधाचे लेबल न्यावे, कारण उपचार गटानुसार बदलतात.